सौम्य पान

बॅटरी गरम होती.

शलाका वाळिंबेनं ती चार्जरमध्ये बसवायला उचलली आणि हातात धरून तशीच उभी राहिली. ताप चढलेल्या माणसाच्या कपाळाला हात लावावा, तशी ती लागत होती. आप्पांच्या कमरपट्ट्यातून ती नुकतीच निघाली होती. एरवी ती कोमट असायची आणि संध्याकाळपर्यंत पुरायची. आज दुपारच्या जेवणाची ताटंसुद्धा मांडली नव्हती, आणि आप्पांनी ती बदलून ठेवली होती.

तिनं मोबाइलवर आप्पांच्या पंपाचं पान उघडलं. सगळं जिथल्या तिथं होतं. पंपाचा वेग ठरलेला, रक्ताचा प्रवाह नेहमीचा, वीज साडेचार वॅट. कालही साडेचार होती, परवाही साडेचार.

साडेचार वॅटला ही बॅटरी इतकी तापत नाही. हे तिला कुणी शिकवायला नको होतं. हे पान जिथून येत होतं तो सर्व्हर तिनंच लिहिला होता.

"आप्पा, बॅटरी आज लवकर बदललीत?"

"हो. जरा लांबवर फिरून आलो." आप्पांनी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही.

"फिरल्यानं फरक पडत नाही. पंप एकाच वेगानं चालतो."

"मग जुनी झाली असेल."

"नवीनच आहे."

आप्पांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. तिचे वडील भास्कर वाळिंबे जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले होते. प्रश्नाला उत्तर न देण्याची मुभा त्यांनी आपल्या कोर्टात कधी कुणाला दिली नव्हती. घरी मात्र ती ते स्वतः सर्रास घेत.

शलाकानं बॅटरी चार्जरमध्ये बसवली. पण त्या दिवसापासून तिच्या मनात जे शिरलं, ते काही केल्या निघेना.

दोन वर्षांपूर्वी आप्पांचं हृदय थकलं होतं. मिरजेच्या इस्पितळात आणलं तेव्हा ते शुद्धीवर नव्हते. डॉक्टर अब्राहम गायकवाडांनी शलाकाला बाजूला घेऊन सांगितलं की हृदयाची डावी बाजू आता रक्त ढकलू शकत नाही. छातीत पंप बसवला तरच काही आशा आहे. आई आधीच गेलेली, भावंडं नाहीत. संमतीची सही शलाकानं केली. पंप तिच्याच कंपनीचा होता. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतली 'सहस्पंद' नावाची ती कंपनी तेव्हा अशा पंपांसाठी देशभर ओळखली जाऊ लागली होती.

पंप छातीत असतो. त्याची एक बारीक वायर पोटातून बाहेर येते आणि कमरेच्या कंट्रोलरला जोडलेली असते. कंट्रोलर चष्म्याच्या घराएवढा. त्याच्यात नखाएवढ्या चिपवर एक वेब सर्व्हर चालतो. सर्व्हर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे थंडगार खोल्या आणि कपाटंच्या कपाटं यंत्रं येतात. पण सर्व्हर म्हणजे शेवटी काय, तर कुणी मागितलं की पान देणारा. तो डोंगराएवढा असू शकतो, तसा तांदळाच्या दाण्याएवढाही. या छोट्या सर्व्हरची गंमत अशी की मध्ये कुणीच नाही. घरातल्या कुठल्याही फोनवर पत्ता टाका, ओळख पटवा, आणि पंप स्वतःची हकिकत स्वतः सांगतो. किती वेगानं फिरतोय, किती रक्त ढकलतोय, किती वीज खातोय. कंपनीच्या जाहिरातीत तर लिहिलेलंच होतं, 'यंत्राच्या स्वतःच्या तोंडून.'

पण कुणाला किती सांगायचं, हे ठरवावं लागत होतं. डॉक्टरांना सगळं. नातेवाइकांनाही सगळं, कारण धावपळ त्यांना करायची. रुग्णांचं मात्र वेगळं होतं. सुरुवातीच्या चाचण्यांत जतचे एक गृहस्थ होते. ते दिवसभर फोन हातात धरून बसायचे. आकडा जरा हलला की त्यांना दरदरून घाम फुटायचा. मग त्यांचं हृदय धडधडायचं, त्यानं आकडा आणखी हलायचा, आणि ते आणखी घाबरायचे. शेवटी त्या भीतीनंच त्यांना पुन्हा इस्पितळात आणलं. तेव्हा शलाकानं रुग्णांसाठी निराळं पान लिहिलं. मधले चढउतार गाळून, लांबची सरासरी काढून ते पान एक शांत रेघ दाखवायचं. खरा धोका असला तर डॉक्टरांकडे इशारा जायचाच. नाव ठेवलं 'सौम्य पान'. बैठकीत तिनं सांगितलं होतं, "आपण रुग्णाला खोटं सांगत नाही. फक्त हळू सांगतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. सौम्य पान पाहणारे रुग्ण खरोखरच बरे राहिले. आपण त्यांना वेगळं पान दाखवतो, हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याचा उपयोग राहिला नसता.

आता तिच्या मनात शंका आली ती कंपनीविषयी. सर्व्हरची नवी आवृत्ती नुकतीच सगळ्या कंट्रोलरांवर गेली होती, आणि परदेशी मान्यतेसाठी तपासणी तोंडावर आली होती. पंपात काही बिघाड निघाला आणि तो दडवायला कुणी आकड्यांना हात लावला असेल तर?

ती निंबाळकर सरांच्या खोलीत गेली. निंबाळकर कंपनीचे तांत्रिक प्रमुख. बोलायला गोड, आणि म्हणूनच तिला त्या दिवशी ते नकोसे वाटले.

"नव्या आवृत्तीत विजेच्या आकड्यांना कुणी हात लावलाय का, सर?"

"का हो? काही दिसलं का?"

"एका रुग्णाची बॅटरी तापतीये. पान म्हणतं साडेचार वॅट."

"कुठला रुग्ण?"

तिनं नाव सांगितलं नाही. निंबाळकरांनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग हसून म्हणाले, "बॅटऱ्यांचा तो लॉट आपल्याला छळणारच आहे. मी पुरवठादाराशी बोलतो. आणि शलाका, तपासणीवाले येऊन जाईपर्यंत हे आपल्या दोघांतच ठेवा."

आपल्या दोघांतच. ती बाहेर आली तेव्हा ते शब्द कपड्याला चिकटलेल्या कुसळासारखे टोचत होते. चाचणी विभागात तिची मैत्रीण हेमा कुंभोजकर बसली होती. दोघींनी कंपनीत एकत्रच नोकरी धरली होती. आप्पांच्या आजारपणात हेमा डबे घेऊन आली होती आणि आप्पांशी तासन्‌तास गप्पा मारत बसली होती. शलाकानं तिला सगळं सांगितलं.

हेमा ऐकत होती, पण तिची नजर समोरच्या पडद्यावरून हलत नव्हती. "बॅटरीचंच असेल गं," ती म्हणाली. "एवढं काय मनाला लावून घेतीस?"

हेमा असं कधी म्हणायची नाही. चाचणीतला एक दशांशाचा फरकसुद्धा ती सोडायची नाही. शलाका तिथून उठली, आणि आता तिला निंबाळकरांचाच नव्हे, हेमाचाही भरवसा वाटेना.

घरी ती आप्पांवर नजर ठेवू लागली. एकदा शंका शिरली की साध्या गोष्टीही वेगळ्या दिसतात. आप्पा हल्ली फोनवर बोलताना खिडकीकडे तोंड करत. ती खोलीत आली की "बरं, ठेवतो" म्हणत. बाहेर जाताना पिशवीत एक जादा बॅटरी टाकत. वाचनालयात जातो म्हणून निघाले त्या दिवशी वाचनालय बंद होतं. आणि शेजारच्या काकूंनी सहज सांगितलं, "तुझे वडील इस्पितळाच्या दारात दिसले होते. सगळं ठीक ना?"

ती डॉक्टर गायकवाडांना जाऊन भेटली. त्यांनी चहा मागवला, तिच्या कामाची चौकशी केली, पावसाचं बोलले. डॉक्टर पावसाचं बोलायला लागले की समजावं.

"आप्पा तुमच्याकडे आले होते?"

"माझ्याकडे कोण येतं आणि कशाला येतं, हे मी सांगू शकत नाही."

"मी मुलगी आहे त्यांची."

"ठाऊक आहे." गायकवाडांनी कपातल्या चहाकडे पाहिलं. "शलाका, ते शुद्धीवर आहेत. शुद्धीवरच्या माणसाच्या वतीनं मी कुणाशी बोलत नाही. त्यांनाच विचार."

याचा अर्थ काहीतरी होतं. आणि डॉक्टरांनाही ते ठाऊक होतं. ती परत निघाली तेव्हा तिच्या डोक्यात कंपनी, निंबाळकर, हेमा, डॉक्टर असे सगळे एका ओळीत उभे होते, आणि त्या ओळीच्या पलीकडे आप्पा एकटे. त्यांना सगळे मिळून फसवताहेत, असंच तिला वाटत होतं.

रविवारी सकाळी भाजीवाल्यानं फाटकाशी हाक दिली. आप्पा स्वतः उठून गेले. भाजी निवडण्यात आणि भाजीवाल्याशी वाद घालण्यात त्यांचा बराच वेळ जाई. टेबलावर त्यांचा फोन उघडाच राहिला होता.

त्यांच्या फोनला शलाकानं कधी हात लावला नव्हता. त्या दिवशीही लावला नाही. नुसतं वाकून पाहिलं.

पंपाचंच पान होतं ते. पण रेघ शांत नव्हती. करवतीच्या दातांसारखी वरखाली होत ती चढत गेली होती, आणि आकडा होता नऊ.

तिनं आपला फोन शेजारी ठेवला. तेच पान, तोच पत्ता, तोच क्षण. साडेचार. सपाट रेघ.

तिच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. तिच्याच हातची ती रेघ होती. कुठे किती गाळायचं, सरासरी किती लांबची घ्यायची, हे सगळं तिनंच ठरवलेलं. तिच्या फोनवर सौम्य पान येत होतं. आप्पांच्या फोनवर खरं. कुणीतरी दोघांच्या जागा बदलल्या होत्या.

आणि नऊ वॅट. पंप तेवढ्याच वेगानं फिरायला दुप्पट जोर लावत होता. याचा अर्थ शलाकाला पाठ होता. पंपाच्या आत, पात्याला रक्ताची गाठ धरत होती.

फाटकाची कडी वाजली. तिनं आपला फोन उचलला.

"कोथिंबीर ताजी आहे," आप्पा आत येत म्हणाले. मग त्यांनी आपला फोन टेबलावरून घेतला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. चेहऱ्यावर काही नव्हतं.

"मी जरा हेमाकडे जाऊन येते," शलाका म्हणाली.

कंट्रोलरची मांडणी बदलायला देखभालीची किल्ली, म्हणजे खास पासवर्ड, लागे. ती किल्ली तिघांकडेच होती. एक तिच्याकडे, एक निंबाळकरांकडे. तिसरी हेमाकडे.

सांगलीत विश्रामबागेत हेमाचं घर होतं. दार उघडून तिनं शलाकाचा चेहरा पाहिला आणि आत ये असंही म्हटलं नाही. नुसती बाजूला झाली.

"तू केलंस," शलाका म्हणाली.

"हो."

"नऊ वॅट, हेमा! माझ्या वडलांच्या छातीत गाठ धरतीये आणि तू मला सपाट रेघ दाखवतीस? मी तुझ्यापुढे बसून विचारलं, तेव्हा बॅटरी म्हणालीस!"

"म्हणाले. दोन दिवस जेवण गेलं नाही मला त्यापायी." हेमा मागे हटली नाही. "त्यांनी मला बोलावून घेतलं. सरळ विचारलं, माझं पान खरं आहे का? मी खोटं नाही बोलू शकले, शलू. मग ते म्हणाले, मला खरं दाखव, आणि तिला माझं दाखव. गायकवाडांना सगळं माहीत आहे. इशारा त्यांच्याकडे जातोच. उपचारात काही कमी नाही."

"आणि मी कोण? मला विचारायचं नाही?"

"पंप त्यांच्या छातीत आहे. तुझ्या नाही."

शलाकाला तिच्या मुस्काटात मारावीशी वाटली. खरंच वाटली. ती वळली आणि जिना उतरली.

घरी आली तेव्हा आप्पा ओसरीवर बसले होते. कोथिंबीर निवडून पातेल्यात ठेवली होती. तिनं समोरची खुर्ची ओढली.

"दोन फोन शेजारी ठेवून पाहिले मी," ती म्हणाली.

आप्पांनी मान हलवली. "वाटलंच. फोन तसा टाकून गेलो ही माझी चूक."

"असं का केलंत माझ्याशी?"

"तू केलंस तसंच."

"मी?"

"पढवलेला साक्षीदार कसा ओळखतात, ठाऊक आहे?" आप्पा सावकाश बोलत होते. "तो कधी अडखळत नाही. मी गच्चीवर चढून जायचो, धाप लागायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. आणि हे पान म्हणायचं, सगळं छान. रोज तेच, त्याच शब्दांत. मी म्हटलं, याला कुणीतरी पढवलंय. हेमाला विचारलं. तिनं सांगितलं, पढवणारी कोण ते."

शलाकाचा चेहरा उतरला. "रुग्ण घाबरतात, आप्पा. घाबरल्यानं आणखी बिघडतं. पुरावा आहे त्याला."

"असेल. मला विचारलं होतंस?"

शलाका कोथिंबिरीच्या पातेल्याकडे पाहू लागली.

"मीही तुला घाबरवायचं नाही म्हणूनच केलं, असं म्हणालो तर? तू रात्रंदिवस हे बघत बसशील, कामावर लक्ष लागणार नाही, तब्येत बिघडेल. वाक्य तेच आहे बघ. फक्त बोलणारा बदलला."

"हे वेगळं आहे. तुमचा जीव जाईल यात!"

"म्हणूनच." आप्पा पुढे झुकले. "मागच्या वेळी मी बेशुद्ध होतो. सही तू केलीस. त्याबद्दल माझी तक्रार नाही, दोन वर्षं मिळाली मला. चांगली गेली. पण छाती उघडायचं की नाही, हे मला कुणी विचारलं नव्हतं. या वेळी मी शुद्धीत आहे. गायकवाड म्हणतात, तीन वाटा आहेत. छाती पुन्हा उघडून पंप बदलायचा. माझ्या वयाला त्यातून उठायची खात्री ते देत नाहीत. दुसरं, गाठ विरघळवणारं औषध शिरेतून द्यायचं. त्यात मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती. तिसरं, आहे तसं राहायचं आणि वाट बघायची. मला विचार करायला थोडे दिवस हवे होते. तुझे डोळे माझ्यावर रोखलेले नसताना."

"मी काही जबरदस्ती केली असती का?"

"तू जबरदस्ती नसती केलीस. तू रडली असतीस. मग मी ऑपरेशनला हो म्हटलं असतं. तो निर्णय माझा झाला नसता, शलू."

शलाका रडत नव्हती. पण रडू येत होतं, आणि ते येऊ द्यायचं नाही हे तिला त्याच क्षणी कळलं. तिनं पातेल्यातली कोथिंबीर उगाचच हलवली. थोड्या वेळानं विचारलं, "मग काय ठरवलंत?"

"औषध. पण बुधवारी गायकवाडांना सांगणार होतो. तोवर तुला सांगायचं धैर्य गोळा करत होतो, हे खरं." ते किंचित हसले. "न्यायाधीशालाही निकाल वाचताना घसा कोरडा पडतो."

सोमवारी निंबाळकरांनी तिला बोलावलं. बॅटरीची चौकशी त्यांनी खरोखरच केली होती, आणि त्यातून त्यांना कळलं होतं की एका कंट्रोलरची मांडणी कंपनीच्या परवानगीशिवाय बदलली गेली आहे. इतक्या दिवसांत शलाकानं या माणसावर वाटेल तो संशय घेतला होता. प्रत्यक्षात त्यांनी काहीच दडवलं नव्हतं. त्यांना फक्त तपासणीची काळजी होती.

"किल्ली तिघांकडे आहे," ते म्हणाले. "मी नाही. तुम्ही की कुंभोजकर?"

आदल्या दिवशी विचारलं असतं तर तिनं हेमाचं नाव दातओठ खाऊन सांगितलं असतं. आता ती म्हणाली, "बदल रुग्णानं मागितला, सर. तो त्याच्या हक्कातला होता. चूक झाली असेल तर ती आधीची आहे, आणि ती माझी. आपण माणसांना त्यांच्याच शरीराचं पढवलेलं पान देतो, आणि ते पढवलेलं आहे हे सांगत नाही."

"सांगितलं तर त्याचा परिणाम जाईल. तुमचंच म्हणणं होतं."

"माझंच होतं. ते मला बदलायचंय."

निंबाळकर सहजासहजी ऐकणारे नव्हते. तपासणी, मान्यता, वेळापत्रक असं बरंच बोलणं झालं. शलाकानं सांगितलं की ते पान असंच राहणार असेल, तर त्याला काय म्हणायचं हे ती तपासणीवाल्यांच्या समोर बोलेल. धमकी म्हणून नव्हे. त्यांनी विचारलं तर ती खरं सांगेल, एवढंच. निंबाळकरांनी डोळे मिटून कपाळ चोळलं आणि एक आठवडा मागितला.

बुधवारी आप्पांनी संमतीच्या कागदावर स्वतः सही केली. कोर्टात करत तशीच, पूर्ण नाव, आणि खाली रेघ. गायकवाडांनी धोके पुन्हा एकदा वाचून दाखवले. आप्पांनी दोन प्रश्न विचारले. मग नर्सनं शिरेत सुई बसवली.

शलाका खाटेशी बसली होती. हेमाही आली होती. दाराशी उभी राहिली तेव्हा शलाकानंच शेजारचं स्टूल पुढे सरकवलं. शलाकाच्या फोनवर आता खरं पान होतं. आप्पांनीच सकाळी हेमाला सांगितलं होतं, "दोघांनाही तेच दाखव. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही."

औषध थेंब थेंब जात होतं. नऊ. नऊच्या वर. शलाकाला जतचे ते गृहस्थ आठवले. घाम कसा फुटतो ते तिला आज कळत होतं. तिला वाटलं, आपल्या फोनवर आत्ता ती सपाट रेघ असती तर किती बरं झालं असतं. हा विचार मनात आला आणि तिला त्याची लाजही वाटली नाही. माणसाला असं वाटणारच. म्हणूनच तर तिनं ते पान लिहिलं होतं.

"किती?" आप्पांनी विचारलं.

"नऊच्या वर आहे."

"बरं."

दुपारनंतर रेघ वाकायला लागली. आठ. सात. संध्याकाळी गायकवाड आले, छातीवर स्टेथोस्कोप ठेवून त्यांनी पंपाचा आवाज ऐकला आणि म्हणाले, "खरखर गेली." हेमा भिंतीकडे तोंड करून रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी पाणी मागितलं. म्हणजे मागायचा प्रयत्न केला. हात तांब्याकडे केला, ओठ हलवले, पण शब्द येईना. चेहऱ्यावर कधी न पाहिलेला गोंधळ उमटला. रक्तस्राव झाला होता. लहानसा, पण बरोबर त्या ठिकाणी जिथे माणसाचे शब्द राहतात.

पंप वाचला, आप्पा वाचले, आणि ज्यांनी आयुष्यभर शब्दांवर पोट भरलं, त्यांना 'पाणी' म्हणायला धडपडावं लागू लागलं. पुढचे कित्येक आठवडे शलाकाच्या मनात एकच प्रश्न घोळत राहिला. ऑपरेशन केलं असतं तर? तिनं रडून ते करायला लावलं असतं तर? एकदा तिनं तो त्यांना विचारलाच. बोलायला शिकवणाऱ्या बाई नुकत्याच घरी परतल्या होत्या, समोर चित्रांचे पत्ते पसरलेले होते. आप्पांनी तिचं ऐकून घेतलं. बराच वेळ शब्द शोधला आणि मग एकच म्हणाले, "माझं." तेवढंच. माझं दुखणं, माझा निर्णय, माझं नुकसान. काय ते ज्यानं त्यानं समजून घ्यावं.

कंपनीतलं पान बदललं. आता सौम्य पानावर वर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं की हे आकडे सौम्य केले आहेत, आणि खाली एक बटण असतं. दाबलं की खरं पान उघडतं. आपल्या घरच्यांना काय दिसावं, हेही रुग्णच ठरवतो. निंबाळकरांना वाटलं होतं की आता सगळे रुग्ण घाबरून जातील. तसं झालं नाही. काहींनी बटण दाबलं. बऱ्याच जणांनी ते पाहून तसंच सोडून दिलं. त्यांना शांत रेघच हवी होती. पण आता ती त्यांनी स्वतः निवडलेली होती.

हेमा रविवारी येते. आप्पांना वर्तमानपत्र वाचून दाखवते. मध्येच थांबून एखाद्या शब्दासाठी अडून बसते, आप्पांनी तो सांगावा म्हणून. दोघी मैत्रिणींमध्ये पूर्वीसारखं काही राहिलं नाही. जे आहे ते जरा जपून आहे, पण त्यात खोटं काही नाही.

हिवाळ्याच्या सुरुवातीला शलाका स्वयंपाकघरातून फोन घेऊन ओसरीवर आली. ऊन चांगलं पडलं होतं. आप्पा सूप मांडीवर घेऊन ओले हरभरे सोलत होते. उजवा हात थोडा मागे राहायचा, तरी काम चालू होतं.

ती त्यांच्या शेजारी बसली. सांगायला जरा वेळ लावला असता तरी चाललं असतं. जेवणं होऊ दिली असती तरी चाललं असतं.

"आप्पा, वॅट पुन्हा चढायला लागलेत."

आप्पांचा हात थांबला. "किती?"

"साडेपाच. परवा पाचच्या आत होते."

त्यांनी ऐकलं. उन्हाकडे पाहिलं. मग हातातला घाटा सोलून दाणा सुपात टाकला.

"उद्या... गायकवाड," ते म्हणाले. "आज नको. आज याची..." त्यांनी सुपाकडे बोट केलं. शब्द जिभेच्या टोकाशी आला आणि मागे फिरला. कपाळावर आठी चढली.

शलाकाला तो शब्द ठाऊक होता. ती थांबली. रस्त्यावरून एक सायकल गेली, कुठेतरी कुकरची शिट्टी झाली, तरी ती थांबून राहिली.

"उसळ," आप्पा म्हणाले.

"करते," ती म्हणाली, आणि त्यांच्या शेजारी बसून हरभरे सोलू लागली.